दात निखळला, दाढ ठणकली? या चुका टाळा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रविवारी सकाळी सीझन बॉल तोंडावर बसतो आणि पुढचा दात मुळासकट मातीत पडतो. लगेच कुणीतरी तो नळाखाली धरून घासूनपुसून लख्ख करतो आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकतो. दाताची खरी वाट लागते ती इथे. मुळावर जो पातळ पापुद्रा असतो, त्यातल्या पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा धरतो. घासल्याने त्या निघून जातात, कोरड्या पडल्या तर मरतात.

दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधात किंवा पाण्यात 10 सेकंद नुसता विसळा. मग बाजू नीट बघून त्याच खाचेत हलकेच बसवा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली धरायला सांगा. एवढा धीर होत नसेल तर दात दुधात टाका. मैदानाजवळ चहाची टपरी सापडतेच, पण पातेल्यातलं उकळतं दूध नको, पिशवीतलं गार मागा. साध्या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्यात पेशी फुगून फुटतात. अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचायचं, फार तर तासाभरात. निघताना फोन करा, नाहीतर रविवारी बंद शटरसमोर वेळ जायचा.

हे सगळं पक्क्या दातासाठी. मार लागून लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नका, खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. मुलाला मात्र दाखवून आणा.

दाढदुखीत आजीची लवंग खोटी नाही. तिच्यातलं युजेनॉल डेंटिस्टही वापरतात. चूक होते ती बाटली हिरडीवर ओतण्यात, हिरडी भाजते. कापसाला थेंबभर तेल लावून, पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यात धरा. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवणारे तर अजून भेटतात. गोळी पोटात गेली तर काम करते, हिरडीवर ठेवली तर पांढरा चट्टा पाडते. आणि ठणका थांबतो म्हणून मशेरी? दाढ जाते, मशेरी राहते.

गाल सुजला की गरम पिशवीने शेकू नका. बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं धरा. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनी सूज थोडी ओसरेलही, पण मुळाशी पू तसाच राहतो. दिवसा पंचवटीतलं दंत महाविद्यालय आहे. मात्र सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी त्र्यंबक रोडचं सिव्हिल गाठा.

दाढ काढून आल्यावर सारखं थुंकू नका, चुळाही भरू नका. रक्ताची गुठळी निघून येते. रक्त येतच असेल तर ओला केलेला स्वच्छ कापडाचा बोळा 30 मिनिटं घट्ट चावून बसा, मध्ये मध्ये काढून बघू नका. मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

चिवडा खाताना कॅप निघाली तर डबीत ठेवा. फेविक्विकने चिकटवलेली कॅप नंतर काढताना डेंटिस्ट जे बोलतो, ते इथे लिहिता येत नाही.