टेंडर भरलं होतं, पण गेलंच नव्हतं

गावाकडं आमचं इलेक्ट्रिकचं दुकान, ग्रामपंचायतीले दिवे-वायर देतो, आतापर्यंत कोटेशनवरच चालायचं. मोठ्या कामासाठी मंग महाटेंडर्सवर, म्हंजे राज्य सरकारच्या ऑनलाइन टेंडर पोर्टलवर, उतरलो.

पहिल्या वेळी दोन्ही लिफाफे अपलोड केले, टेक्निकलमधी जीएसटी, पॅन, उद्यम, फायनान्शियलमधी दर, आणि खुशीत झोपलो. उघडायच्या दिवशी यादीत आपलं नावच नाही! काहून, तर 'फ्रीज बिड सबमिशन' बटण दाबलंच नव्हतं. ते दाबल्याशिवाय बिड जातच नाही ना भाऊ.

दुसऱ्या वेळी बीओक्यूची, म्हंजे दर भरायच्या तक्त्याची, एक्सेल फाइल पोर्टल घेईचना, एरर वर एरर. सेतूवाल्या पोट्ट्यानं रात्री 11 पर्यंत डोकं लावलं, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन काढ-घाल, कॉम्प्युटर बंद-चालू, अन् लाइट गेली ते वेगळंच. सकाळी पाहतो तं मीच फाइलचं नाव बदलून 'दर फायनल' केलं होतं! हसावं का रडावं.

मंग पोर्टलवरून फाइल नवी उतरवली, एक्सेलमधले मॅक्रो (फाइलमधले आपोआप चालणारे आदेश) चालू केले, फक्त नाव अन् दराच्या रकान्यात लिहिलं, जुन्याच नावानं सेव्ह केली, गेली एका झटक्यात. फ्रीज केलं, पावती पीडीएफ काढून ठेवली. आणि हो, मुदत पोर्टलवरच्या घड्याळानं मोजतेत, आपल्या मोबाइलच्या नाही, म्हणून मी आता एक दिवस आधीच भरतो, क्लास 3 डिजिटल सहीची मुदत संपली तं नाही तेही आधीच पाहून घेतो.