स्थलांतराची कादंबरी वाचताना फोनवर लक्ष ठेवा

स्थलांतरावरची नवी कादंबरी हातात घेतली की एक करा, पात्राच्या हातात फोन येतो तिथे तिथे पेन्सिलने खूण करत जा आणि स्वतःला विचारा, आत्ता हा माणूस शरीराने कुठेय आणि मनाने कुठेय. मोहसिन हमीदची 'एक्झिट वेस्ट' (२०१७) घ्या. शहरातलं मोबाईल नेटवर्क बंद होतं आणि सईद आणि नादिया या प्रेमात पडलेल्या जोडीचा संपर्कच तुटतो, किती काही एका सिग्नलवर उभं होतं ते तिथे कळतं. पुढे लंडनमध्ये नादिया पायऱ्यांवर बसून फोनवर बातम्या वाचतेय आणि तिला वाटतं की बातमीतल्या फोटोत आपणच आहोत, पायऱ्यांवर बसून फोनवर बातम्या वाचणाऱ्या! हे पान घाईत उलटू नका प्लीज, दोनदा वाचा, 'मी नक्की कोण' हा प्रश्न इतक्या जवळून क्वचितच दिसतो.

मग आवाज ऐका. चिमामांडा अडिचीच्या 'अमेरिकाना'मध्ये (२०१३) नायजेरियातून अमेरिकेत आलेली इफेमेलू ब्लॉग लिहिते, त्यातला तिचा ठाम सूर आणि घरच्यांशी बोलतानाचा सूर शेजारी ठेवून बघा. मायदेशी, लागोसला परतल्यावर ती नवा ब्लॉग काढते, तो कोणासाठी लिहिलाय तेही तपासा.