महाबळेश्वर-पाचगणीतील जुन्या घराची थंडीत दुरुस्ती करताना या चुका टाळा

महाबळेश्वर-पाचगणी भागातील जुने घर दुरुस्तीला काढले की बहुतेकांचे वेळापत्रक एकसारखे असते. पावसाळ्यात काम बंद राहते, दसऱ्याच्या सुमारास गवंडी येतो आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत घर राहण्याजोगे व्हावे, अशी अपेक्षा असते. आमच्या घरात असे दोन हिवाळे गेले. त्या काळातील बिघाड आठवले, तर त्यांतील निम्म्याहून अधिक या घाईतून उद्भवले होते, असे मला वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक पाण्याच्या मोटारीबाबत होते. आसपासच्या स्ट्रॉबेरीला आणि रब्बीच्या पिकांना पाणी देण्यासाठी अनेक मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की रोहित्रावरचा भार वाढतो आणि घरात येणाऱ्या विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टच्या मोटारीला १८० व्होल्टच मिळाले, तर सुरू होतानाची तिची ताकद सुमारे ६० टक्क्यांवर येते. ती घुमते, फिरत नाही, जास्त विद्युतप्रवाह खेचते आणि आतले वेटोळे तापते. अशा वेळी ओव्हरलोड रिले मोटार बंद करतो, आणि गवंड्याला पाणी हवे असते म्हणून आपण स्टार्टरचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो. आमची मोटार अशीच जळली, रिवाइंडिंगसाठी ती पसरणी घाट उतरून वाईला न्यावी लागली आणि तेवढे दिवस बांधकाम पाण्यावाचून थांबले. रिले दुसऱ्यांदा पडला की थांबावे, मल्टिमीटरने दाब मोजावा आणि तो ठीक असेल तर वायरमनकडून कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग) तपासून घ्यावा; वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहत असल्याने तो स्वतः उघडू नये. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर बसवलेला असेल, तर कमी दाबाला आणि विहीर आटल्यावर मोटार बंद करणारे संरक्षण त्यासोबत असलेच पाहिजे. बांधकामाच्या दिवसांत टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवावी, म्हणजे बटणावर हात जाण्याची वेळच येत नाही.

दुसरी चूक भिंतींची आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात प्यालेले पाणी पुढे कित्येक आठवडे सोडत असतो. ऑक्टोबरमध्ये वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक रंग लावला, तर आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि जानेवारीत लोणा (भिंतीतले पांढरे क्षार) फुटून पोपडे सुटू लागतात. त्यावर पुन्हा पुट्टी भरणे म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा करणे होय. सुटलेला भाग खरवडून भिंत उघडी ठेवावी, कौलांतून किंवा जोत्यातून पाणी कोठून शिरते ते शोधावे आणि मूळ बांधकाम चुन्यातले असेल तर गिलावाही चुन्याचाच करावा. जुन्या घराला श्वास घेऊ देणारे हेच साहित्य आहे, आणि ते जाणणारा कारागीर मिळेपर्यंत थांबणे मला योग्य वाटते.

नवी स्लॅब किंवा तुळई टाकली असेल, तर सेंट्रिंग (खालून आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू) काढण्याची घाई धोकादायक ठरते. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात दोन आधारांमध्ये ४.५ मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबखालील टेकूंसाठी किमान ७ दिवसांची मुदत दिली आहे. मात्र हवेचे तापमान १५ अंशांखाली जाणार नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. येथील डिसेंबरच्या रात्री त्याहून बऱ्याच थंड असतात आणि थंडीत सिमेंटची पकड मंदावते, त्यामुळे टेकू अधिक दिवस ठेवावेत आणि नेमका निर्णय अभियंत्यावर सोपवावा.

पावसाने फुगलेली दारे ऑक्टोबरमध्ये रंधून घेऊ नयेत. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि डिसेंबरात त्याच दारांच्या फटींतून गार वारा येतो.

गरम पाण्याच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. काचेच्या नळ्यांचा सौर हीटर दुरुस्तीसाठी रिकामा केला असेल, तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नये. उन्हात रिकाम्या नळ्या आतून २०० अंशांच्याही वर तापतात आणि गार पाणी लागताच तडकतात. तो पहाटे भरावा किंवा आधी झाकून थंड होऊ द्यावा. गीझर जुन्या दिव्याच्या वायरिंगवर जोडू नये. त्याला स्वतंत्र जाड वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवणे आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवणे, या दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. घर नीट होईपर्यंत तेथे मुक्कामाला असलेल्या मजुरांनाही हे स्पष्ट सांगावे आणि त्यांना पुरेशी पांघरुणे द्यावीत. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा भोवळ आली, तर त्याला आधी उघड्या हवेत आणावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.