अपघातग्रस्त अणुवीज केंद्रात वीज आणि शीतकरण पूर्ववत करण्याचा क्रम

सोलापुरात विद्युत अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना फताटेवाडीचे औष्णिक वीज केंद्र परिचयाचे असते. तिथे कोळसा थांबवला की बॉयलर निवत जातो. अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक दांडे आत गेल्यावर विखंडन थांबते, तरी किरणोत्सारी पदार्थांच्या क्षयामुळे सुरुवातीला मूळ औष्णिक शक्तीच्या ६ ते ७ टक्के आणि दिवसभरानंतरही सुमारे अर्धा टक्का उष्णता निघतच राहते. म्हणून वर्गात कागदावर सराव करतानाही गाभ्यावर, म्हणजे भट्टीतल्या इंधनावर, पाणी पोचते आहे का, यावरूनच कामांचा क्रम ठरवावा.

आधी मोजमाप. उपकरणांना वीज देणारा डीसी (एकदिश) पुरवठा गेला असेल तर बॅटऱ्या जोडून पाण्याची पातळी आणि दाब दाखवणारी उपकरणे चालू करावीत. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात मार्च २०११ च्या अपघातात त्यासाठी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या होत्या. मात्र पातळीच्या काट्यावर विसंबू नये. हा मापक संदर्भ-नळीतील पाण्याच्या दाबाशी तुलना करून पातळी दाखवतो. उष्णतेने त्या नळीतलेच पाणी उकळून गेले, तर गाभा उघडा पडला असतानाही काटा पाणी भरपूर असल्याचे दाखवतो. फुकुशिमाच्या पहिल्या संचात (अणुभट्टीत) नेमके हेच घडले. त्यामुळे पातळी, दाब आणि किरणोत्साराचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

पाण्यासाठी वीज येण्याची वाट पाहू नये. अग्निशमन पंप फार दाबाविरुद्ध पाणी ढकलू शकत नाही, म्हणून सुटका-झडपा उघडून भट्टीतला दाब उतरवावा आणि पाणी भलत्याच नळांत वळत नाही ना, हे तपासावे. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी आगीत केबल जळून सुमारे १७ तास वीज नव्हती, तेव्हा डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत (भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करणाऱ्या पात्रांत) पाणी पोचवले आणि गाभा वाचला. हा अनुभव आपल्या अभ्यासक्रमात ठळकपणे यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पाण्यात बुडालेला स्विचबोर्ड वरून कोरडा दिसला, तरी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय त्यात वीज सोडू नये. इमारतीत स्फोटक हायड्रोजन साठला नसल्याची खात्री होईपर्यंत ठिणगी पडेल असे काहीही करू नये. भार एकेक करून चढवावा. बॅटरी चार्जर आणि नियंत्रण कक्ष आधी, मोठे पंप नंतर, कारण मोटर सुरू होताना पूर्णभाराच्या कित्येक पट प्रवाह ओढते. फुकुशिमात १२ मार्चला केबलची जोडणी पूर्ण होताच पहिल्या संचाच्या इमारतीत स्फोट होऊन ती जोडणी निकामी झाली, हे ध्यानात घेऊन केबलचा दुसरा मार्ग वेगळ्या बाजूने आखावा.

वीज स्थिरावल्यावर उष्णता-विनिमयकातून फिरणारे बंद चक्र सुरू करून भट्टीचे तापमान १०० अंशांखाली आणावे, आणि वापरलेल्या इंधनाच्या हौदांनाही त्याच वेळी पाणी द्यावे.