दोन गावांच्या शिवेचा वाद कसा सोडवावा

पुणे जिल्ह्यात शिवेवरून वाद निघाला, की दोन्ही गावांची मंडळी आधी बांधावर जमतात आणि तिथेच शब्द वाढतात. खरे तर आधी दप्तर पाहायला हवे. कोणतीही शीव एकाच गावाच्या नकाशावरून ठरत नाही, म्हणून दोन्ही गावांचे गावनकाशे आणि शिवेलगतच्या जमिनींची टिपणे (जुन्या मोजणीच्या वेळी मापांसह काढलेली रेखाटने) यांच्या प्रमाणित नकला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून घ्याव्यात. गावे दोन तालुक्यांतली असतील, तर दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाल्यावर गट क्रमांक आले, पण टिपणे जुन्या सर्व्हे क्रमांकांची असतात, हे अर्ज लिहितानाच ध्यानात घ्यावे.

जुन्या टिपणावरील लांबी फुटांत नसून साखळी व आण्यांत असते. साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे 16. म्हणजे 7 साखळ्या 8 आणे असे लिहिले असेल, तर ती बाजू 247.5 फूट भरते. शिवेची तीच बाजू दोन्ही गावांच्या टिपणांत किती दाखवली आहे, हे शेजारी शेजारी मांडून पाहावे. फरक नेमका कोणत्या तुकड्यात आहे ते इथेच कळते आणि पुष्कळदा वाद सबंध शिवेचा नसून एखाद्या सरकलेल्या ओढ्यापुरता किंवा उखडलेल्या दगडापुरता असल्याचे दिसून येते.

त्यानंतर संयुक्त मोजणी मागावी. दोन्ही गावांचे तलाठी, पोलीस पाटील व लगतचे सर्व खातेदार यांना नोटीस मिळाल्याची खात्री करावी, कारण एकाला जरी वगळले, तरी तो पुढे हरकत घेणारच. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड जागेवर असेल, तर मोजणी त्याच्याशी ताडून घेण्याचा आग्रह धरावा.

एवढ्यानेही एकमत झाले नाही, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 135 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ते रीतसर चौकशी करून निर्णय देतात. तिथे प्रत्येक हितसंबंधिताला पुरावा मांडता येतो.

शीव शोधणे आणि शीव बदलणे यांत मात्र गल्लत करू नये. गावाची हद्दच बदलायची असेल, तर तो अधिकार कलम 4 नुसार राज्य शासनाचा आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली, तरी केवळ तेवढ्याने त्यांची महसुली शीव पुसली गेली नाही. तिथेही दप्तर हेच लागते.