कुत्र्यासाठी सुरक्षित चेंडू आणि खेळणी कशी निवडावीत

खेळण्यांमुळे कुत्र्याला होणारी इजा बहुतेक वेळा तीन वाटांनी येते. चेंडू घशात अडकतो, खेळण्याचा तुकडा आतड्यात जाऊन बसतो किंवा कडक वस्तू चावताना दाढ फुटते. या तिन्ही गोष्टी खरेदीच्या वेळीच बऱ्याच अंशी टाळता येतात. मात्र त्यासाठी पाकिटावरच्या शब्दांवर भिस्त ठेवून चालत नाही. लहान मुलांच्या खेळण्यांना जशी सुरक्षेची सक्तीची मानकं असतात, तशी कुत्र्यांच्या खेळण्यांना बहुतेक ठिकाणी नसतात. ‘न तुटणारं’ ही जाहिरात असते, हमी नव्हे. ‘मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी’ हा शिक्का तर सहसा वजन धरून मारलेला असतो आणि सारख्याच वजनाच्या दोन कुत्र्यांचे जबडे अगदी वेगळे असू शकतात.

पायरी १: तोंडाचा अंदाज घ्या

कुत्रा धावून आल्यावर तोंड उघडून धापा टाकत असतो, तेव्हा समोरून बघा. सुळ्यांच्या मधून आत जायला किती जागा आहे? चेंडू या सुळ्यांपाशीच अडला पाहिजे. तो सगळाच्या सगळा सुळ्यांच्या मागे जात असेल, तर तो लहान आहे.

टेनिसच्या चेंडूचा व्यास साधारण ६.५ ते ६.९ सेंटिमीटर असतो. बऱ्याच मध्यम कुत्र्यांना तो पुरतो, पण लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यासारख्या मोठ्या जबड्याच्या कुत्र्यांच्या बाबतीत तो धोक्याचा ठरतो. इथे बऱ्याच जणांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते: हा चेंडू पोकळ असतो. दाढांखाली दबून तो चपटा होतो, जिभेवरून मागे सरकतो आणि घशाशी पोचल्यावर पुन्हा फुगून गोल होतो. म्हणून चेंडू विकत घेण्याआधी मुठीत जोरात दाबा आणि दाबल्यावर उरेल तोच त्याचा खरा आकार धरा. मोठ्या कुत्र्यासाठी ७.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, जाड भिंतीचा रबरी चेंडू बघा. गोल्फचा (सुमारे ४.३ सेंटिमीटर) आणि टेबल टेनिसचा (४ सेंटिमीटर) चेंडू कुठल्याच कुत्र्याला देऊ नका. पहिला सहज गिळला जातो, दुसरा फुटून त्याचे धारदार तुकडे होतात. क्रिकेटचा चेंडू आकाराने मोठा असला, तरी दगडासारखा कडक असतो. शिवाय त्याची शिवण उसवली की आतला दोरा बाहेर येतो.

घरात दोन कुत्री असतील, तर सगळी खेळणी मोठ्या कुत्र्याच्या मापाचीच ठेवा. लहानाचा चेंडू मोठा पळवणारच. पिल्लू वाढत असेल, तर दर महिन्याला माप पुन्हा बघा.

पायरी २: भोकं मोजा

गुळगुळीत, लाळेने ओला झालेला भरीव चेंडू घशात बुचासारखा बसतो. आरपार भोक असलेला चेंडू अडकलाच, तरी थोडी हवा जाण्याची शक्यता राहते आणि त्याला पकडायलाही काहीतरी मिळतं. दोरी ओवलेला चेंडू याच कारणासाठी बरा, अर्थात दोरी शाबूत आहे तोवर.

एकच भोक असलेलं पोकळ खेळणं मात्र घेऊ नका. कुत्रा आतला खाऊ चाटायला जीभ घालतो, आतली हवा कमी होते आणि जीभ ओढली जाऊन तिथेच अडकते. मग ती सुजते आणि सूज वाढली की ओढूनही निघत नाही. खाऊ भरायच्या खेळण्याला दोन वेगवेगळ्या बाजूंना भोकं हवीत. त्यात शेंगदाण्याचं बटर भरणार असाल, तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. झायलिटॉल नावाचा गोडवा कुत्र्यांना विषारी असतो, अगदी थोड्या प्रमाणातही.

पायरी ३: नख रुतवून बघा

अंगठ्याचं नख खेळण्यात जोर लावून दाबा. थोडा वळ उठला किंवा पृष्ठभाग किंचित दबला, तर ते दातांना सोसवेल. काहीच झालं नाही, तर नको. हाडं, शिंगं, खूर आणि कडक नायलॉनची चावणी या कसोटीत नापास होतात. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी कापणारी दाढ असते. कडक वस्तू चावताना तिचाच पापुद्रा निघतो आणि आतली नस उघडी पडते. कुत्रा दुखणं लपवतो, खाणंही चालू ठेवतो. अनेकदा डोळ्याखाली सूज आली की मगच घरच्यांच्या लक्षात येतं.

टेनिसच्या चेंडूची लव दिसायला मऊ असते, पण तिच्यात माती आणि वाळू अडकते. असा चेंडू तासन्‌तास चघळला, तर दात कानशीने घासल्यासारखे बोथट होतात. फेकून आणायच्या खेळाला तो चालेल, पण खेळ संपला की परत घ्या.

पिल्लांचे २८ दुधाचे दात पडून साधारण सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात मऊ रबरच द्या.

पायरी ४: कुत्र्याची सवय ओळखा

एकच कापडी ससा एका कुत्र्याकडे वर्षभर टिकतो आणि दुसरा दहा मिनिटांत त्याच्या चिंध्या करतो. तुमचा कुत्रा खेळणं नुसतं तोंडात घेऊन फिरतो, ते फाडतो की फाडलेलं गिळतो, हे पाहून निवड करा. नुसतं मिरवणाऱ्याला कापडी खेळणी द्यायला हरकत नाही. फाडणाऱ्याला ती समोर बसूनच द्यावीत. गिळणाऱ्याला कापूस, फोम किंवा पातळ लॅटेक्सचं काहीही देऊ नये. त्याच्यासाठी एकसंध, जाड रबरच हवं.

खेळणं कुत्र्याला देण्याआधी बटणाचे डोळे, रिबिनी, घुंगरू कापून टाका. आत शिट्टी असेल, तर तिच्याभोवतीची शिवण ओढून बघा. चमकणाऱ्या चेंडूत बटण सेल असतात. असा सेल गिळला गेला, तर अन्ननलिका थोड्याच वेळात भाजून निघते. लोहचुंबक दोन गिळले गेले, तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना चिकटतात आणि मध्ये भोक पाडतात. या दोन वस्तू असलेलं खेळणं घरात आणूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

दोरीच्या खेळण्याबद्दल थोडं अधिक. ओढाओढीला ते छान, पण एकट्याने चघळायला देऊ नका. सुटलेला लांब धागा पोटात गेला, तर त्याचं एक टोक अडकून राहतं. आतडं पुढे सरकायला बघतं आणि नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. ताणलेला धागा मग आतडं आतून कापतो. हे शस्त्रक्रियेचं काम आहे. धागे सुटू लागले की दोरी टाकून द्या.

पायरी ५: पहिला खेळ समोर बसून

नवं खेळणं दिल्यावर निदान १५ मिनिटं लक्ष ठेवा. कुत्रा एकाच जागी सारखा कुरतडतोय का? तुकडा निघाला का? निघाला असेल, तर काढून घ्या. मात्र हिसकावू नका. हिसकावलं की तो तुकडा घाईने गिळतो. हातात खाऊ दाखवून अदलाबदल करा आणि ‘सोड’ हा शब्द त्याच वेळी शिकवा.

चेंडू जमिनीलगत फेका. उंच उडवून मागच्या पायांवर आपटणं गुडघ्याच्या अस्थिबंधाला महागात पडतं. झाडाची काठी तर नकोच, ती धावता धावता घशात घुसते. पाण्यातून चेंडू आणायचा खेळ थोडा वेळच खेळा, कारण दर वेळी तोंड उघडून कुत्रा पाणी गिळत असतो. फार पाणी पोटात गेलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि जिवावर बेततं.

रंग निवडायचा असेल, तर निळा किंवा पिवळा घ्या. गवतात पडलेला लाल चेंडू कुत्र्याला नीट वेगळा दिसत नाही.

पायरी ६: तपासणी

आठवड्यातून एकदा सगळी खेळणी हाताने दाबून, वाकवून बघा. चीर, तुटका कोपरा, चिकटपणा, उसवलेली शिवण यांपैकी काही दिसलं, तर टाकून द्या. रबर कोमट पाण्यात साबणाने धुवून पूर्ण वाळवा.

चेंडू अडकलाच तर

कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, आवाज निघत नाही, हिरड्या निळसर होतात. जबडा उघडून बघा. चेंडू दिसला, तरी बोटांनी समोरून ढकलू नका, तो आणखी खाली जातो. कुत्र्याला आडवं करा, जबड्याच्या कोनाखाली गळ्यावर बाहेरून चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे ठेवा आणि चेंडू तोंडाच्या दिशेने सरकवा. तो बाहेर आला आणि कुत्रा सावरला, तरी लगेच पशुवैद्याकडे न्या, कारण घशाला आतून सूज येऊ शकते.

तुकडा गिळल्याची शंका असेल आणि उलट्या, खाणं बंद, शौचाला न होणं, पोट आखडून उभं राहणं यांपैकी काही दिसलं, तर वाट बघू नका. घरी उलटी करवू नका. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबत असेल, तर तो ओढू नका. जाताना खेळण्याचे उरलेले सगळे तुकडे सोबत घ्या. कापड आणि मऊ प्लॅस्टिक एक्स-रेमध्ये सहसा स्पष्ट दिसत नाही, पण तुकडे जुळवून पाहिले की आत नेमकं काय आणि किती गेलंय, हे डॉक्टरांना कळतं.