पोटाला जबर मुका मार: पहिल्या ऑपरेशनमध्ये काय करायचं, काय सोडायचं

सर्जरी शिकणाऱ्यांना मी पहिल्या ड्युटीपासून बजावते: मुक्या मारात लिव्हर, स्प्लीन (प्लीहा), आतडं सगळंच फाटलं असेल, तर एकाच बैठकीत सगळं दुरुस्त करायला जाऊ नका. रक्त थांबवा, आतड्यातून सांडणारी घाण थांबवा, बाहेर पडा. १९९३ साली सर्जन रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी याला ‘डॅमेज कंट्रोल’ हे नाव दिलं.

रक्त देऊनही बीपी वर येत नाही आणि सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय? सीटीत वेळ घालवू नका. रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट सारख्याच प्रमाणात मागवा. मार लागून ३ तास झाले नसतील तर ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम द्या. छातीपासून मांड्यांपर्यंत जंतुनाशकाने रंगवून, कापडं लावून झाल्यावरच भूल द्यायला सांगा. भूल चढताच बीपी कोसळू शकतं.

मधोमध, वरपासून खालपर्यंत मोठी चीर घ्या. पोटाच्या चारही कोपऱ्यांत मॉप (रक्त शोषणारे कापडी पॅड) दाबून भरा आणि थांबा. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं. पण तेवढ्यात भूलतज्ज्ञ रक्त भरून काढतात. मग कमी संशयाच्या कोपऱ्यापासून मॉप काढा.

स्प्लीन वाचवत बसू नका, काढा. लिव्हर दोन्ही हातांनी मिटवून धरा आणि मॉप वरून-खालून लावा. भेगेत कोंबले तर ती आणखी फाकते. तरी वाहत असेल तर लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल नस आणि धमनीला एकत्र क्लॅम्प (चिमटा) लावा. त्यानेही थांबलं नाही, तर रक्त लिव्हरमागच्या शिरांतून येतंय असं समजा. तिथे पॅकिंगने (मॉप दाबून भरल्याने) थांबलं असेल तर ‘जरा बघू’ म्हणून मॉप उचलू नका. फाटलेलं आतडं स्टेपलरने बंद करा किंवा बांधा, जोडू नका. स्वादुपिंडाशी ड्रेन (पाझर बाहेर काढणारी नळी) ठेवा.

तापमान ३५ अंशांखाली, रक्ताचा पीएच ७.२ खाली (म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं), कापलेल्या प्रत्येक कडेतून झिरपणारं रक्त: हे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाय. डॅमेज कंट्रोलचा निर्णय त्याआधीच घ्या.

पोट शिवू नका, तात्पुरतं झाका. आत किती मॉप ठेवले ते नोट्समध्ये ठळक लिहा. आयसीयूत रुग्णाला ऊब द्या, रक्त गोठण्याचा दोष सुधारा. पोट उघडं असलं तरी लघवी कमी झाली, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढलं, तर पोटातला दाब मोजा.

बहुधा २४ ते ७२ तासांत परत आत जा. मॉप सलाईनने भिजवून हळू सोडवा, आतडं टोकापासून टोकापर्यंत पुन्हा तपासा, आणि जोडणी आता करा. स्प्लीन काढलेल्याला न्युमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी) या जंतूंविरुद्धच्या लसी साधारण १४ दिवसांनी द्या. तो परत येईलच याची खात्री नसेल तर घरी सोडण्यापूर्वीच.